चौथा रकाना

अर्धवट प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा मला राग येतो. पूर्वीही यायचा, आजही येतो, आणि जे सांगायला बसलो आहे ते घडून गेल्यावरही तो पुरता गेलेला नाही. तीस वर्षांहून जास्त काळ पशुधन पर्यवेक्षक म्हणून महाड आणि पोलादपूर तालुक्यांत जनावरांच्या मागे फिरलो. टोचण्या केल्या, खुरं तासली, अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढली. जनावर बोलत नाही, त्यामुळे त्याच्या धन्यानं तरी धड बोलावं एवढीच माझी अपेक्षा असायची. ती फार कमी वेळा पुरी झाली.

निवृत्त झाल्यावर महाडात घरी बसून सहा महिन्यांत माझं डोकं फिरायला लागलं. बायको म्हणाली, काहीतरी करा, नाहीतर माझ्या स्वयंपाकात चुका काढणं तरी बंद करा. म्हणून मोबाइलवर ग्रुप काढला. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी प्रश्न विचारायचे, जाणत्यांनी उत्तरं द्यायची. पोलादपूरकडचे एक तरुण पशुवैद्य माझ्या ओळखीचे होते, त्यांनाही गळ घालून आत घेतलं. बघता बघता महाडजवळच्या नाते गावापासून ते पार घाटमाथ्यावरच्या वाड्यांपर्यंतची माणसं जमली. मुंबईत नोकरीला असलेली पोरंही आली. त्यांची जनावरं गावी आणि जीव मोबाइलमध्ये.

आणि मग प्रश्न सुरू झाले. "बकरी खात नाय." बस, एवढंच. किती बकऱ्या, कधीपासून, शेण-लेंडी कशी, काही नाही. सोबत एक फोटो, त्यात अंधार आणि एक शेपूट. कुणी नुसतं "अर्जंट" लिहायचं, तीनदा. मुंबईहून एकानं लिहिलं, गावी बैल आजारी आहे, औषध सांगा. काय होतंय विचारलं तर म्हणाला, आईला फोन करून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, बैल बरा झाला, सर्वांचे आभार. कुणी काही केलंच नव्हतं, पण आभारांवर पन्नास जणांनी हात जोडले.

असं वर्षभर चाललं. एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "काका, मी दिवसभर फिरतीवर असतो," ते म्हणाले. "मोबाइल उघडला की साठ मेसेज. एकातही पुरती माहिती नसते. मी एकेकाला उलट प्रश्न विचारत बसू, की जनावरं बघू? हे असंच राहिलं तर मला सोडा." त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आणि ते गेले असते तर ग्रुपवर उरलं असतं काय? शुभ सकाळ आणि हळदीचे उपाय.

त्याच दिवशी मी नियम केले. प्रश्न विचारताना चार रकाने भरायचे. जनावर कोणतं आणि किती वयाचं, हा पहिला. काय होतंय आणि कधीपासून, हा दुसरा. आतापर्यंत तुम्ही काय केलंत, हा तिसरा. मादी असेल तर व्यायली कधी आणि दूध किती देते, हा चौथा. बोलून पाठवायचं नाही, लिहायचं, कारण बोलणारा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि त्यातली साडेचार मिनिटं जावयाबद्दल असतात. खासगीत मला किंवा डॉक्टरांना विचारायचं नाही, सगळ्यांसमोर विचारायचं, म्हणजे एकाला मिळालेलं उत्तर शंभरांच्या उपयोगी पडतं. आणि रकाने रिकामे असतील तर उत्तर मिळणार नाही. मी हे सगळं सुबक लिहून ग्रुपच्या डोक्यावर लावलं.

लोकांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील, पण दोन महिन्यांत फरक दिसायला लागला. माणसं आधी गोठ्यात जाऊन नीट बघायची आणि मग लिहायची. कधी कधी रकाने भरता भरता त्यांचं त्यांनाच उत्तर सापडायचं. डॉक्टर टिकले. मला फार अभिमान वाटायचा. कुणी अर्धवट लिहिलं की मी नुसतं "नियम वाचा" एवढंच टाकायचो आणि ते टाकताना मला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

भातकापणीचे दिवस होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी ओट्यावर दुसरा चहा घेत बसलो होतो. मेसेज आला, "म्हस उठत नाय. काय करू."

नंबर ओळखीचा नव्हता. ग्रुपमध्ये येताना प्रत्येकाला आपलं गाव लिहायला लावलं होतं, त्यावरून कळलं की बाई आहे आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत चालत जावं लागतं अशा एका वाडीतली आहे. ती वाडी मला ठाऊक होती. पंधरा-वीस घरं, पुरुष बहुतेक मुंबईला, घरोघरी म्हशी आणि शेरडं.

आता खरं ते सांगतो. तो मेसेज वाचल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही म्हैस नुकती व्यायली असणार. त्या दिवसांत म्हशी वितात. धडधाकट म्हैस एकदम बसते आणि उठत नाही, म्हणजे दहापैकी सात वेळा व्याल्यानंतर अंगातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. याला पुस्तकात दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण अंग उलट गार पडतं. वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर अर्ध्या तासात म्हैस उभी राहते, आणि नाही दिलं तर संध्याकाळ बघत नाही. हे सगळं मला त्या पाच शब्दांवरून सुचलं होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली. एक रकाना भरायला काय होतं या बाईला?

मी लिहिलं, "नियम वाचा. अर्धवट प्रश्नाला उत्तर मिळणार नाही." खाली चारही रकाने पुन्हा टाकले. पाठोपाठ ग्रुपवरच्या रिकामटेकड्यांना चेव आला. एकानं लिहिलं, उठत नाय तर बसू दे, दमली असंल. त्यावर हसणारे चेहरे. मुंबईहून एका काकांनी सल्ला दिला की बांबूच्या नळीनं पावशेर गोडेतेल पाजा. मी त्यांना काही बोललो नाही. बसलेल्या म्हशीला गिळता येत नाही, तेल फुप्फुसात जातं, हे मला माहीत असूनही मी गप्प राहिलो, कारण माझं लक्ष त्या रकान्यांकडे होतं.

त्यानंतर बराच वेळ तिकडून काहीच नाही. माझा मेसेज तिनं वाचल्याची खूणही येईना. मी म्हटलं, बघा, म्हैस मरायला टेकलीय म्हणतात आणि मोबाइल बघायला वेळ नाही. मी चहाचा कप विसळला, पेपर वाचला, भाजी आणायला खाली जाऊन आलो.

त्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. वाडीच्या मागं एक टेकाड आहे, त्याला तिथले लोक टेंब म्हणतात. त्या टेंबावर एका ठिकाणी उभं राहिलं तर दोन दांड्या येतात. गोठ्यापासून तिथं जायला चढ आहे, भरभर गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं. प्रश्न टाकायचा तर वर जायचं, मग म्हशीकडे बघायला खाली यायचं, आणि उत्तर वाचायला पुन्हा वर. मी नोकरीत असताना स्वतः त्या टेंबावर जाऊन ऑफिसला फोन लावलेले आहेत. पण त्या सकाळी माझ्या ओट्यावर रेंज भरपूर होती आणि मला ते टेंब आठवलं नाही.

सव्वादहाच्या पुढं दुसरा मेसेज आला. या वेळी तिनं लिहिलं होतं, "म्हस मोठी हाय. तिसऱ्या वेताची. चारा खात नाय कालपास्न. सकाळी बसली. ताप नाय. कान गार लागतात. मान पोटाकडं वळवून बसलीय. काय पाजलं नाय."

कान गार. मान पोटाकडं. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा यावरून रोग सांगेल. तीन रकाने तिनं भरले होते, आणि मधल्या वेळात ती खाली जाऊन म्हशीचे कान चाचपून परत वर आली होती. पण चौथा रिकामा होता. मी लगेच लिहिलं, "चौथा मुद्दा?"

या वेळी खूण निळी झाली, म्हणजे बाई वरच होती आणि वाचत होती. मी वाट पाहिली. मग त्याच नंबरवरून मला खासगीत मेसेज आला, "काका, एक सांगायचं हाय."

मी तिला उत्तर दिलं, "जे असेल ते ग्रुपवर."

खूण निळी झाली. मग पुन्हा सगळं शांत झालं.

माझा जन्म नाते गावाच्या बाजूचा. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आईला कुणी विचारलं, काय गो, दूध किती निघतं, तर आई म्हणायची, कुठलं दूध, वासराचं भागतंय ते खूप. आणि भांडं पदराखाली घेऊन आत जायची. म्हैस व्यायली की पाच-सात दिवस परक्या माणसाला गोठ्यात सोडायचे नाहीत. दाराला काळी बाहुली, रेडकाच्या गळ्यात काळा दोरा. नजर लागते, दूध आटतं, वासरू जगत नाही, अशी घट्ट समजूत. नोकरीत मला हे नेहमी आड यायचं. सरकारी कागदावर दुधाचा आकडा लागायचा, पण कुठलीही बाई तो चारचौघांत सांगत नसे. मग मी एक युक्ती काढली होती. कास चाचपायच्या निमित्तानं म्हशीच्या पोटाशी खाली वाकायचो, बाईही वाकायची, आणि मी हळूच विचारायचो. ती पदराआडून बोटं दाखवायची. चार बोटं, पाच बोटं. मी मान हलवायचो आणि कागदावर आकडा लिहायचो तो फाटकाबाहेर गेल्यावर. इतकी वर्षं मी हे पाळलं. एकदाही कुणाला मोठ्यानं विचारलं नाही.

आणि मीच तो रकाना शेकडो माणसांसमोर भरायला लावला होता. विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मला वाटायचं की लोकांनी आता हे सोडायला हवं, हे असलं किती दिवस चालणार. आणि माझ्या ग्रुपवर तरी ते चालणार नाही.

सव्वाअकराला तिसरा मेसेज आला. "व्यायली. परवा पहाटे. रेडी. दूध सात लिटर."

तो वाचून मी ताडकन उठलो. रोग काही नवा कळला नव्हता. मला घड्याळ दिसलं. साडेनऊ ते सव्वाअकरा. मी डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. "कॅल्शियम," ते लगेच म्हणाले. "मी पोलादपुरातच आहे. वाडी तुम्हाला माहिती आहे ना? या, मी थांबतो."

मी मोटरसायकल काढली. निघण्याआधी ग्रुपवर लिहिलं, म्हशीला आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी गोणी लावून छातीवर बसती ठेवा, तोंडातून काहीही पाजू नका, तेल तर अजिबात नाही, आम्ही येतोय. तेच तिला खासगीतही पाठवलं. फक्त एकच करडी खूण उमटली. बाई खाली गेली होती. फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच.

महाड ते पोलादपूर हा हमरस्ता मी हजार वेळा केला असेन. त्या दिवशी पुढचा प्रत्येक ट्रक मुद्दाम हळू चालला आहे असं वाटत होतं. मधे एकदा गाडी बाजूला घेऊन मोबाइल पाहिला. एकच खूण. ग्रुपवर मात्र झुंबड उडाली होती. सात लिटर! आमची तर तीनच देते. कुठून आणलीत? फोटो टाका. कुठल्या गावच्या तुम्ही? तिनं जे लपवलं होतं त्यावर आता सगळे तुटून पडले होते. मी मोबाइल खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.

पोलादपुरात डॉक्टर बॅग घेऊन रस्त्यावरच उभे होते. त्यांच्या गाडीनं घाट चढलो, जिथं रस्ता संपतो तिथं ती लावली आणि चालायला लागलो. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत. डॉक्टर पुढं, मी मागं. डोक्यात एकच चाललं होतं, की तिनं ते तेल पाजलं असेल का. त्या मुंबईच्या काकांचा सल्ला तिनं टेंबावर वाचला असणार. मी वाचून गप्प राहिलो, म्हणजे तो बरोबर आहे असं तिला वाटलं असेल तर?

वाडीत शुकशुकाट होता. सगळे खाली खाचरात कापणीला. गोठा सापडायला वेळ लागला नाही, तिथं दोन बाया दिसत होत्या. म्हैस चांगली थोराड होती, घाटावरून आणलेली वाटत होती. पेंढ्याच्या गोणींना टेकवून तिला बसती ठेवली होती. मान पोटाकडं, डोळे अर्धे मिटलेले, नाक सुकं ठक्क. एक तिशीची बाई म्हशीला खांदा लावून बसली होती. मेसेज करणारी हीच, हे वेगळं विचारावं लागलं नाही. चार हातांवर तिची सासू, भिंतीला टेकून.

"काय पाजलंत?" मी आत शिरताच विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "तेल आणलं व्हतं. पर तिला गिळवत नव्हतं, मग नाय पाजलं."

माझा जीव भांड्यात पडला. गोणींचंही तिला कुणी सांगितलं नव्हतं, माझा मेसेज तिनं वाचलेलाच नव्हता. जे करायला हवं ते तिचं तिनं केलं होतं.

डॉक्टरांनी बाटली गरम पाण्यात ठेवायला सांगितली आणि मानेची शीर शोधली. सुई बसल्यावर बाटली माझ्या हातात दिली. "काका, हळू. फार वर नको." कॅल्शियम जोरात गेलं तर हृदय बंद पडतं, त्यामुळे डॉक्टर म्हशीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बाटली वरखाली करत होतो. "खाली घ्या." मी खाली घेतली. "अजून खाली. थांबवा." मी नळी चिमटीत धरली. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं. "हं, सोडा आता. थेंब थेंब."

अर्धी बाटली गेल्यावर म्हशीच्या मांडीवर थरथर उठली. मग नाकावर ओल दिसली. मग तिनं एक मोठा ढेकर दिला आणि पाठोपाठ शेण टाकलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. "लागू पडलं," ते म्हणाले. बाईनं म्हशीच्या कानाला हात लावला. कान ऊन व्हायला लागला होता.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा म्हशीनं मागचे पाय आवळले, उठली, झोकांडी खाऊन बसली. पुन्हा उठली आणि या वेळी उभी राहिली. चारही पायांवर, जराशी लटपटत, पण उभी. मला हसू आवरेना. इतकी वर्षं झाली तरी ते बघताना प्रत्येक वेळी तसंच वाटतं. मी बाईकडे वळून म्हणालो, "वाचली तुझी म्हैस, बाय."

तिनं मान हलवली. हसली नाही.

म्हैस खाली हुंगायला लागली. गोणी हुंगल्या, पेंढा हुंगला, वळली आणि रेकली. पुन्हा रेकली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की रेडी कुठं दिसत नाही. नजर फिरवली. गोठ्याच्या कोपऱ्यात एक गोणपाट पसरलेलं होतं आणि त्याच्याखालून एक बारीक खूर बाहेर आलं होतं.

"कसं झालं?" मी विचारलं.

उत्तर सासूनं दिलं. "ही वर गेली ना, त्या मोबाइलसाठी. म्हशीनं उठाय बगितलान आन् ह्या अंगावर पडली. रेडी हितंच बांधलेली व्हती. मी एकली काय करू? माझ्यानं म्हस हलंल होय?" मग ती सुनेकडं वळली आणि तिचा आवाज चढला. "सांगू नको म्हनलं व्हतं तुला. नको गो सांगूस, परवा व्यायलेली म्हस हाय. तरी गेलीस आन् सगल्या गावाला सांगून आलीस. किती दूध, काय झालं, समदं. लागली ना नजर? खाली येईस्तवर लागली."

सून तशीच म्हशीला धरून उभी राहिली.

मला आता नीट कळलं. दुसऱ्या मेसेजनंतर मी तिला ग्रुपवर लिहा म्हणालो तेव्हा ती खाली आली होती ती सासूची परवानगी मागायला. सासूनं नाही म्हटलं. तरीही म्हैस जगावी म्हणून सासूचं मोडून ती तिसऱ्यांदा चढली आणि माझा चौथा रकाना भरला. तेवढ्या वेळात रेडी म्हशीखाली गेली.

मी म्हातारीला सांगायचा प्रयत्न केला, की नजर वगैरे काही नसतं, हा आजार आहे. शब्द मला तोंडातच कडू लागले. तिच्या हिशेबानं तिनं जे जे होईल म्हणून सांगितलं होतं ते ते झालं होतं. आणि करायला लावणारा मी होतो. हे तिला अजून माहीतही नव्हतं.

म्हशीचं रेकणं चालूच होतं. डॉक्टर बॅग भरत होते. वातावरण जरा हलकं करावं असं त्यांना वाटलं असावं. ते बाईला म्हणाले, "तुम्ही वेळेवर सगळं लिहिलंत म्हणून म्हैस वाचली. आणि हे आमचे काका, ग्रुप यांचाच. जनावर न बघता रोग सांगतात. नुसतं 'म्हैस बसलीय' म्हणा, कधी व्यायली ते हे सांगतील. मी शिकलो यांच्याकडून."

डॉक्टर मनापासून बोलत होते. त्यांना माझ्या तोंडावर माझं कौतुक करायची सवय आहे. ते बॅग घेऊन हात धुवायला अंगणात गेले.

बाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत कुसळांनी भरले होते. टेंबाच्या वाटेवर त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं.

"ते नियम वाचा लिवणारे तुमीच व्हय?"

"हो," मी म्हणालो.

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग तिनं विचारलं, "काका, मी पयलं लिवलं, म्हस उठत नाय म्हनून. तवाच तुमाला कळलं व्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. न बघता कसं कळणार, असं म्हटलं असतं तर तिनं ते मानलंही असतं. डॉक्टरांच्या बोलण्याला कौतुक म्हणून सोडून दिलं असतं. पण म्हैस रेकत होती आणि ते गोणपाट तिथं होतं.

"कळलं होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. खरोखर न समजलेली गोष्ट माणूस विचारतो तसं तिनं विचारलं.

"मग मला परत परत वर कशाला धाडलंत?"